सहा महिन्यांची गाडी

वैभवीनं मागच्या सीटच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला आणि बिस्किटाचा चुरा मुठीत धरून बाहेर काढला. तो वर्तमानपत्रावर झटकून तिनं पुन्हा हात घातला. नजर मात्र उघड्या दारातून बाहेर होती. अवू, तिची तीन वर्षांची मुलगी, पायरीवर बसून बादलीत फडकं बुडवत होती. बादलीत जेमतेम वीतभर पाणी होतं, तरी वैभवीला तिथून नजर काढवत नव्हती.

“एक कण राहू देऊ नको,” उघड्या बॉनेटमागून सासऱ्यांचा आवाज आला. “उंदीर बिस्किटासाठी येते अन् वायर खाऊन जाते.”

“हो, बाबा.”

“अन् पोरीची ती खुर्चीही काढ. कापडात वास राहते.”

वैभवीनं अवूच्या छोट्या सीटचे पट्टे सोडवले. एक बकल घट्ट बसलं होतं. गौरांग, तिचा नवरा, ते अंगठ्यानं एका झटक्यात उघडायचा. तिला दोन्ही हात लावावे लागले.

“माझी खुर्ची कुठं चालली?” अवूनं विचारलं.

“धुवायला.”

“मग परत लावशील?”

वैभवीनं खुर्ची खाली ठेवली आणि बादली उचलून अवूच्या हाताला येणार नाही अशी कट्ट्यावर नेऊन ठेवली.

दिवाळीच्या आधी नागपूरला गौरांगच्या डोक्यातली गाठ काढली होती. तेव्हापासून उजवा हात आणि उजवा पाय त्याचं ऐकत नव्हते, आणि बोलताना शब्द अडकत. त्याच्या फॅक्टरीतल्या एका मित्रानं गाडी पोर्चमध्ये आणून लावून दिली, तीही गेटच्या खांबाला घासून. गढा मोहल्ल्यातल्या त्या बोळातून गाडी आत घ्यायची म्हणजे दोन्ही आरसे मिटवून, श्वास रोखून घ्यावी लागे, आणि ते गौरांगशिवाय कुणाला जमत नसे. वैभवीचा भाऊ फोनवर म्हणाला होता, विकून टाका, उभ्या उभ्या सडेल. त्यावर सासरे, नीलकंठराव, एवढंच म्हणाले, “काहून विकायची? सहा महिन्यांत तो स्वतः चालवेल.”

सहा महिने. हा आकडा त्यांनी नागपूरहून आणला होता. त्या दिवशी डॉक्टरांनी घरच्यांना आत बोलावलं तेव्हा वैभवीही उठली होती; पण नेमकी अवूनं बाकावर उलटी केली, आणि सासरे म्हणाले, “तू पोरीले पाहा, मी आहो न.” बेसिनपाशी अवूचा फ्रॉक धूत ती बंद दाराकडे बघत राहिली. ते बाहेर आले तेव्हा चष्मा पुसत होते. “सहा महिने लागतील म्हणतात. मग हळूहळू सगळं.” त्यानंतर तिनं त्यांना किती वेळा आणि किती तऱ्हांनी विचारलं होतं. उत्तर दर वेळी तेच, त्याच शब्दांत. ऐकलेली गोष्ट माणूस पुन्हा सांगतो तेव्हा एखादा शब्द तरी इकडचा तिकडं होतो, असं तिला वाटायचं. पुढच्या खेपेला तिनं डॉक्टरांना स्वतः गाठलं, तर ते घाईत म्हणाले, “तुमच्या सासऱ्यांशी सविस्तर बोललोय मी.” फोनवर वाचावं तर तिथं सगळ्यांचं सगळंच होत होतं. कुणी चालायला लागत होतं, कुणी नाही.

“क्यों दादा, गाडी की शादी है क्या?”

गेटबाहेर नथ्थू भैया उभा होता. शेजारच्या घरातला, ऑटो चालवायचा. लहानपणापासून मराठी घरांच्या मध्ये राहिल्यानं त्याची भाषा दोन्हीकडची झाली होती.

“इतकी घासून राहिले म्हणून म्हटलं,” तो गेटवर रेलला. “हळद कधी आहे?”

“ठेवून देऊन राहिलो तिला,” नीलकंठराव म्हणाले.

“त्यात काय करायचं एवढं? कवर टाका, अन् हफ्त्यातून एकदा बहू के हाथ से स्टार्ट करवा दो. बस, हो गया.”

“तुझ्या ऑटोसारखं नसते ते, नथ्थू.”

हे म्हणताना नीलकंठरावांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी थोडी धार आली. त्यांची सगळी नोकरी डेपोत गेली होती, आणि काम एकच: मिलिटरीच्या गाड्या ठेवून द्यायच्या. आज लागत नाहीत, पण जेव्हा लागतील तेव्हा लगेच निघाल्या पाहिजेत अशा. घरात कुणी कपाट लावलं किंवा लोणचं भरलं, तरी त्यांना डेपोतलं काहीतरी आठवायचं.

“दोन तऱ्हा असतात पाहा,” ते फडकं खांद्यावर टाकून म्हणाले. “जी गाडी सहा महिन्यांत निघायची, ती चाकांवरच उभी ठेवायची. टाकी गळ्यापर्यंत भरायची, म्हणजे आतून पाणी धरत नाही. बॅटरीची एक तार काढली, की झालं. हुकूम आला की सकाळी गेटच्या बाहेर.”

“और दूसरी?”

“दुसरी म्हणजे जिचा हुकूमच नाही. कधी निघेल, निघेल का नाही, कोणाले माहीत नाही. तिची टाकी कोरडी करायची. प्लग काढून इंजिनात तेल सोडायचं. अन् ठोकळ्यांवर चढवायची, चारही चाकं हवेत. मग पडून राहू दे बरसों.”

“बरसों! तोपर्यंत तर लढनेवाले रिटायर होऊन जातील, दादा.”

“झालेच न. मीच झालो.”

नथ्थू हसला. वैभवीलाही हसू आलं. तेवढ्यात नथ्थूनं बॉनेटकडे हनुवटी केली. “तो अपनी वाली कौन सी है?”

नीलकंठरावांनी खांद्यावरचं फडकं काढलं, झटकलं, त्याची कोरडी बाजू वर केली.

“सहा महिन्यांची,” ते म्हणाले.

“तर मग टंकी फुल करायची असेल न? कॅन द्या, पंपाकडेच चाललो.”

“नको. पाहू नंतर.”

“अच्छा, चलो.” नथ्थू गेला. त्याचा ऑटो बोळातून धक्के खात जाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. वैभवी हातातला चुऱ्याचा कागद गुंडाळत होती. गुंडाळून झाल्यावर तिनं तो पुन्हा उलगडला आणि पुन्हा गुंडाळला.

गौरांगची कॉट पुढच्या खोलीत आणून टाकली होती, पोर्चच्या खिडकीला लागून. थंडीमुळं खिडकीची झडप लावलेली होती, पण आवाज सगळे आत यायचे. वैभवीनं चहाचा कप त्याच्या डाव्या हातात दिला आणि तळाशी आपला हात धरला.

“नथ्थू काय... म्हणत होता?”

“गाडीचं लग्न आहे का, म्हणे.”

गौरांग हसला. हसू ओठांच्या एकाच बाजूला आलं. “सांगायचं न त्याला. नवरदेव... आजारी आहे म्हणून.”

“गप रे.”

“बाबा खूश आहेत आज. डेपोचं... बोलून राहिले होते.”

तिनं त्याच्या हनुवटीवरचा चहा पदराच्या टोकानं टिपला. उजवा हात ब्लँकेटवर पडला होता, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. तिनं तो उचलून त्याच्या मांडीवर नीट ठेवला.

“बरा झालो की पहिले सिहोऱ्याला जाऊ,” तो म्हणाला. “आत्याकडं. अवूला ट्रॅक्टर दाखवू.”

“जाऊ.”

“तू काहून अशी... पाहून राहिली?”

“कशी? काही नाही. चहा संपव.”

ती बाहेर आली तेव्हा पोर्चमध्ये पेट्रोलचा वास पसरला होता. नीलकंठराव उकिडवे बसले होते. टाकीत घातलेल्या नळीचं दुसरं टोक कॅनमध्ये होतं, आणि आत बारीक धार पडत होती. अवू त्यांच्या पाठीशी उभी राहून वाकून बघत होती. वैभवीनं धावत जाऊन तिला उचललं.

“बाबा, पोर आहे इथं!”

“तिला मागं उभं केलं होतं मी. आली सरकत.” त्यांनी मान वर केली नाही.

“टाकी तर भरायची होती न?”

“हे जुनं आहे, दिवाळीपासूनचं. हे काढू, मग नवं भरू.”

हे पटण्यासारखं होतं. वैभवीनं ते पटवून घेतलं. अवूला कमरेवर घेऊन ती धार बघत उभी राहिली. धार बारीक झाली, तुटली, थेंब झाले. नीलकंठरावांनी गाडीला खांद्यानं हलकासा धक्का दिला, उरलेले थेंबही काढले, मग टाकीच्या तोंडाला कान लावून बोटानं गाडीच्या अंगावर वाजवून पाहिलं. नवं भरायचं असतं तर एवढं कुणी काढलं नसतं.

मग त्यांनी प्लग काढायला घेतले.

सासूबाई त्याच वेळी बाहेर आल्या. त्यांच्या हातात तांदूळ निवडायची सुपली होती. हेमलताबाईंना गाड्यांतलं काही कळत नाही असं त्या स्वतःच म्हणत. पण नवऱ्याच्या डेपोच्या सगळ्या गोष्टी त्यांनी आयुष्यभर जेवताना ऐकल्या होत्या. वर्तमानपत्रावर ओळीनं ठेवलेले प्लग त्यांनी पाहिले. शेजारची तेलाची कुपी पाहिली.

“अहो,” त्या म्हणाल्या. “हे काहून?”

“आत जा तू.”

“नाही, पण तुम्ही तर म्हटलं होतं...”

“हेमा. आत जा न.”

त्यांनी सुपली कट्ट्यावर ठेवली. गुडघ्यांमुळं त्या अवूला कधी उचलत नसत. पोरीनं हात वर केले तर बसूनच जवळ घेत. आता त्यांनी वैभवीच्या कमरेवरून तिला काढून घेतली, छातीशी धरली आणि एकेक पायरी चढत आत गेल्या. अवू त्यांच्या खांद्यावरून आईकडे बघून हात हलवत होती. सुपली तिथंच राहिली, आणि दोन चिमण्या येऊन तांदूळ टिपू लागल्या तरी ती न्यायला कुणी आलं नाही.

“वैभवी, बस आत,” नीलकंठराव म्हणाले. “मी सांगीन तेव्हा चावी फिरव. थांब म्हटलं की सोड.”

ती स्टिअरिंगमागं बसली. सीट गौरांगच्या मापाची मागं सरकवलेली होती. तिचे पाय पुरत नव्हते. फॅक्टरीच्या मागच्या मैदानावर तो तिला शिकवत होता, अवू पोटात आली आणि ते राहून गेलं. समोर बॉनेटच्या फटीतून सासऱ्यांचे हात दिसत होते. कुपी एकेका भोकावर तिरपी होत होती, थोडं थांबत होती, पुढं सरकत होती. हात अजिबात थरथरत नव्हते. जेवताना पाण्याचा ग्लास उचलताना थरथरायचे.

“फिरव.”

तिनं चावी फिरवली. इंजिन चालू झालं नाही. नुसतंच फिरलं, हलकं, सुसाट, आत काहीच अडत नसल्यासारखं.

“थांब. पुन्हा. थांब. बस, ये बाहेर.”

प्लग परत बसले. बॅटरीची तार निघाली, मग अख्खी बॅटरीच निघाली. मागच्या पाइपात तेलकट फडकं कोंबलं गेलं. वैभवी त्यांच्या हाताशी एकेक वस्तू देत होती आणि मनाशी म्हणत होती, एवढं झालं तरी हरकत नाही, अजून गाडी चाकांवर आहे. मग नीलकंठराव न्हाणीघराच्या मागं गेले आणि लाकडाचा एक जाड ठोकळा पोटाशी धरून आले. तो ठेवून परत गेले. दुसरा आणला. कधी कापून ठेवले होते कोण जाणे. कापलेली बाजू अजून पिवळी, ताजी होती.

त्यांनी जॅक लावला आणि दांडा फिरवू लागले. गाडीची एक बाजू कण्हत वर आली. चपटलेलं चाक आधी गोल झालं, मग जमिनीपासून सुटलं. खाली फरशीवर टायरच्या आकाराचा स्वच्छ, सुका डाग राहिला.

“बाबा.”

“ठोकळा दे.”

तिनं दिला नाही. “बाबा, ही सहा महिन्यांची आहे न?”

“हो.”

“मग ठोकळे कशाला?”

त्यांनी स्वतःच वाकून ठोकळा ओढला, खाली सरकवला, तळहातानं ठोकून बघितला. एक कोपरा अंगठ्याच्या पेराएवढा बाहेर होता. त्यांनी तो आत ठोकला.

“त्या दिवशी आत डॉक्टर काय म्हणाले?”

“सांगितलं न.” ते दुसऱ्या बाजूला गेले. आता फक्त त्यांचा आवाज येत होता, आणि जॅकचा. “सहा महिने लागतील म्हणतात. मग हळूहळू सगळं.”

तेच शब्द. तोच क्रम. वैभवी गाडीच्या अलीकडे उभी होती. गाडी चाकांवर तशीच सोडून वर कवर टाकलं असतं, तर कुणालाच काही कळलं नसतं. ना तिला, ना सासूबाईंना. एवढं साधं त्यांना सुचलं नव्हतं. किंवा सुचलं असेल, आणि हातांनी ऐकलं नसेल. तिच्या मनात आलं की पलीकडे जाऊन त्यांचा दंड धरावा, हलवावं, ओरडून विचारावं. ती गेलीही. नीलकंठराव जॅकजवळ जमिनीवर बसले होते, पाय पसरून, लहान मूल बसतं तसे. चष्मा कपाळावर होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच हात पुढं केला.

“दे,” ते म्हणाले.

तिनं ठोकळा दिला.

शेवटचं चाक जमिनीवरून उचललं गेलं तेव्हा अवू आजीच्या हातून सुटून बाहेर आली. तिनं अधांतरी चाकाला एक चापट मारली. चाक फिरलं. ती खिदळली आणि पुन्हा मारली. वैभवीनं तिला अडवलं नाही. आतून काही आवाज नव्हता. कुकरची शिट्टीही आज झाली नव्हती.

“आई, गाडी चालली!” अवू म्हणाली.

खिडकीच्या झडपेवर आतून बोटानं टकटक झाली. वैभवीनं हात साबणानं धुतले, पुन्हा धुतले, तोंडावर पाणी मारलं, आणि काय सांगायचं ते दारापर्यंत जाता जाता ठरवलं. टाकी भरायला नथ्थू भैया येणार आहे. बॅटरीची एक तार काढली. बास.

गौरांग उशीला टेकून बसला होता. एकट्यानं उठून बसायला त्याला किती वेळ लागला असेल ते पांघरुणाच्या गोळ्यावरून कळत होतं.

“चालू नाही झाली,” तो म्हणाला.

“कुठली?”

“गाडी. नुसती... फिरली.”

“बॅटरी उतरलीय. नथ्थू भैया आला की...”

“प्लग काढून फिरवली की असा आवाज येते.” तो एकेक शब्द शोधून, पुसून, जागेवर ठेवावा तसं बोलत होता. “लहानपणी बाबांचा डबा... न्यायचो डेपोत. गेटवरून ऐकू यायचं. तेल टाकलं न आत?”

वैभवी कॉटच्या काठावर बसली. गौरांगनं डावा हात लांबवून तिच्या मनगटाला धरलं. पकड अजून चांगली होती.

“अन् जॅकचा आवाज... चार वेळा आला,” तो म्हणाला.

बाहेर अवूचं हसणं चालू होतं. फरशीवर कुणीतरी कॅन सरकवला.

“तुला माहीत होतं?” त्यानं विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली. “आत्ता कळलं.”

“मलाही.”

तिचे खांदे हलायला लागले तेव्हा त्यानं मनगट जोरात दाबलं. दुखेल इतकं. “आवाज नको. बाबांना... कळू देऊ नको. आपल्याला कळलं म्हणून. ते...” शब्द सापडेना. त्यानं डोळे मिटले, शोधला, नाही मिळाला, आणि सोडून दिला. मग त्यानं मान खिडकीकडे वळवली, दोनदा श्वास घेतला आणि आवाज चढवून हाक मारली.

“बाबा!”

बाहेरचं सगळं थांबलं.

“काय रे?” झडपेच्या अगदी पलीकडून उत्तर आलं. ते इतक्या जवळ उभे होते.

“टायरांत हवा... जास्त भरजा. जमिनीवर उभी राहून... चपटे होतात. सहा महिने म्हणजे... कमी नाही.”

वैभवीला झडपेच्या फटीतून सासऱ्यांच्या सदऱ्याची एक पट्टी दिसत होती. ती हलत नव्हती.

“भरतो,” ते म्हणाले. “बरी आठवण केली.”

पट्टी बाजूला झाली. कोनाड्यातून पायपंप काढल्याचा आवाज आला, आणि मग पंप सुरू झाला. एकसारखा, दमादमानं, मध्ये थांबून दाब बघत, पुन्हा. अवू विचारत होती, आजोबा, मी मारू का पंप, आणि ते तिला नाही म्हणत होते. गौरांगनं वैभवीचं मनगट अजून सोडलं नव्हतं. एका चाकाचं झालं. मग दुसऱ्याचं सुरू झालं.